हरवू न देणारा खेळ

दिवाळी अंकात एखाद्या खेळाचे परीक्षण यावे, हे काही वाचकांना खटकेल. नाटक, कादंबरी, फार तर एखादा चित्रपट, इथपर्यंत टीकाकाराने यावे. मुलांच्या हातातल्या यंत्राकडे त्याने कशाला वळावे? ही शंका अगदीच गैर नाही. परंतु ज्या कृतीच्या अडीच कोटींहून अधिक प्रती जगात खपल्या, जिच्यात गोष्ट आहे, चित्रे आहेत, संगीत आहे, आणि मुलांनी दिवसचे दिवस फिरावे म्हणून आखलेला एक अख्खा प्रदेश आहे, ती कृती बरी की वाईट एवढे तरी कोणी विचारायला नको का? 'मुलांचे आहे, चालायचेच' ही सवलत आपण बालवाङ्मयालाही पुष्कळ वर्षे दिली. तिने बालवाङ्मयाचे भले झाले असे म्हणवत नाही.

हा लेख आहे 'पोकेमॉन सोर्ड' आणि 'पोकेमॉन शील्ड', म्हणजे तलवार आणि ढाल, या जुळ्या खेळांविषयी. गेम फ्रीक या जपानी कंपनीने ते घडवले, शिगेरू ओमोरी हे त्यांचे दिग्दर्शक. आणि 15 नोव्हेंबर 2019 रोजी निन्टेंडो स्विच या यंत्रासाठी ते जगभर एकाच दिवशी निघाले. हे यंत्र हातात धरून खेळता येते, हवे तर टीव्हीलाही जोडता येते. त्यानंतर या मालिकेत आणखी खेळ आले. मग इतक्या उशिरा हा विषय का काढायचा? तर त्या वेळचा गदारोळ असा जबर होता की त्याने उडवलेल्या धुळीत प्रत्यक्ष खेळ कोणाला धड दिसलाच नाही. आता धूळ खाली बसली आहे.

ज्या घरांत पोकेमॉन हा शब्द फक्त मुलानातवंडांच्या तोंडून ऐकू येतो, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे 2003 च्या सुमारास दूरचित्रवाणीवर पोकेमॉनची कार्टून मालिका हिंदीतून लागू लागली, आणि पिकाचू नावाचा पिवळा, लालबुंद गालांचा प्राणी घरोघरी पोचला. त्या वेळी शाळेतून धावत येऊन ती मालिका पाहणारी मुले आज नोकरीधंद्याला लागली आहेत. पण मालिका मागून आली. मूळ वस्तू म्हणजे खेळ. खेळणारे मूल एका काल्पनिक मुलखातल्या लहानशा गावातून एकच प्राणी सोबतीला घेऊन निघते. वाटेवरच्या उंच गवतात, गुहांत, पाण्यात नाना तऱ्हेचे विलक्षण जीव दडलेले असतात. त्यांच्याशी झुंजायचे, त्यांना दमवायचे, पण पुरते लोळवायचे नाही. आणि योग्य क्षणी चेंडू फेकून त्यांना आपलेसे करायचे. असे करीत गावोगावच्या आठ उस्तादांना हरवायचे आणि शेवटी साऱ्या मुलखाच्या विजेत्याशी सामना द्यायचा. गोष्ट एवढीच. राजपुत्राने सात समुद्रांपलीकडे जाऊन काय काय मिळवावे, त्याच जातीची.

या खेळाचे मूळ मात्र परीकथेत नाही, किड्यांत आहे. सातोशी ताजिरी हा त्याचा जनक. 1965 साली जन्मलेला हा मुलगा तोक्योजवळच्या माचिदा गावात वाढला. तिथे तेव्हा शेते होती, ओढे होते, डबकी होती. मुले त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. इतर मुले भुंगेरे पकडायला झाडाच्या सालीला मध लावीत. ताजिरीने पाहिले की हे प्राणी दिवसा झोपतात आणि दगडाखाली झोपणे त्यांना आवडते. मग तो झाडाखाली एक दगड ठेवून यायचा आणि सकाळी जाऊन हलकेच उचलायचा. पुढे शहर वाढत आले, रान बुजले. मासे धरायच्या तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमचे केंद्र उभे राहिले. किडे गेले तेव्हा तो मुलगा त्या केंद्रात जाऊन बसू लागला. जे रान आपल्याला मिळाले ते पुढच्या मुलांना मिळणार नाही, तेव्हा ते निदान यंत्रात तरी ठेवावे, या ओढीने त्याने पोकेमॉन रचला. घडायला सुमारे सहा वर्षे लागली, कंपनी बुडता बुडता वाचली, आणि 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात लाल आणि हिरवी अशा दोन कॅसेटींच्या रूपाने तो खेळ बाहेर पडला.

झाडाखालचा तो दगड वाचकांनी ध्यानात ठेवावा. मध लावला की किडा तुमच्याकडे येतो. दगड ठेवायला आधी किड्याचा स्वभाव कळावा लागतो, आणि उद्या सकाळपर्यंत वाट पाहावी लागते.

1996 च्या खेळात ही दगडाची रीत जागोजागी होती. गेम बॉयचा पडदा केवढा, तर आडवे 160 आणि उभे 144 ठिपके. रंग म्हणायला शेवाळी हिरव्याच्या चार छटा. एवढ्या भांडवलावर त्या लोकांनी 151 प्राणी आणि एक मुलूख उभा केला होता. त्यातला शेवटचा, म्यू नावाचा प्राणी तर कॅसेटीत अगदी शेवटी चिमूटभर जागा मोकळी झाली म्हणून शिगेकी मोरिमोतो यांनी गुपचूप आत सरकवला होता. मुलूख अडचणींनी भरलेला होता. एक बोगदा होता. उजेड पाडणारी विद्या सोबत्याला शिकवली नसेल तर त्यात पडदा काळाठिक्कर व्हायचा आणि मुले भिंती चाचपत चालायची. एक प्राणी असा, की गाठ पडताच पहिल्याच डावात नाहीसा व्हायचा. एका राखीव रानात पावले मोजून मिळायची. 500 पावले संपली की बाहेर. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की लाल कॅसेटीतले काही प्राणी हिरवीत नव्हते, हिरवीतले लालमध्ये नव्हते. यादी पुरी करायची तर दुसऱ्या मुलाशी यंत्राला यंत्र तारेने जोडून देवघेव करण्यावाचून इलाज नव्हता. त्या तारेवरून किडे चालत एका यंत्रातून दुसऱ्यात जात आहेत, अशी कल्पना ताजिरीला सुचली होती, आणि सारा खेळ तिच्यातून उगवला. जुळे खेळ काढण्याची चाल तेव्हापासूनची. व्यापाऱ्याला ती सोयीची आहे हे उघडच आहे. पण तिच्यापायी एका मुलाला दुसऱ्याच्या घरी जावे लागत होते, हेही तितकेच खरे.

आता 2019 च्या गदारोळाविषयी. खेळ यायच्या आधी, त्या वर्षीच्या जून महिन्यात, निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केले की नव्या खेळात मागचे सगळे प्राणी आणता येणार नाहीत. प्राण्यांची संख्या तोवर 800 च्या वर गेली होती. इतक्यांची चित्रे आणि हालचाली नव्या यंत्रासाठी नीट करणे, आणि त्यांच्या झुंजींचा तोल राखणे, आता झेपणारे नाही, असे त्यांचे म्हणणे. खेळ आला तेव्हा नव्या मुलखाच्या यादीत 400 प्राणी होते. नवे जन्मलेले धरून एकूण संख्या 890 झाली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक बाहेर राहिले.

यावर जे रडणेओरडणे झाले ते आपल्यातल्या पुष्कळांना पोरकट वाटेल. मला ते तसे वाटत नाही. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. किल्ला दर वर्षी नवा. माती नवी, अळीव नवे. पण शिवाजी महाराज आणि मावळे माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून निघतात. एकाचा भाला तुटलेला, एकाचा रंग उडालेला, एक वाघ कधीचा तीन पायांचा. तरी तो यंदाही गुहेच्या तोंडाशी बसायलाच हवा. पोकेमॉनचे तसेच होते. 2002 साली पकडलेला प्राणी 2006 च्या खेळात नेता येई, तिथून 2010 च्या, तिथून 2013 च्या, 2016 च्या. शाळकरी पोराने पकडलेला एखादा कासव त्याच्याबरोबर कॉलेजात गेला, नोकरीला गेला. त्याला यंदा सांगितले, की बाबा रे, किल्ल्यावर तुझ्या मावळ्याला जागा नाही. वाईट वाटणारच. 2002 साली एकदा असाच धागा तुटला होता, त्याआधीच्या कॅसेटींतले प्राणी पुढे येऊ शकले नव्हते; पण तेव्हा कंपनीने तशी सवय लावलेली नव्हती.

इतके म्हटल्यावर मला या तक्रारकर्त्यांची संगत सोडावी लागते. खेळ फसला तो प्राणी कमी पडले म्हणून, हे मला मान्य नाही. चारशे प्राणी ही काही लहान संख्या नव्हे. मूळ खेळ तर 151 वर उभा होता. पुढे 2020 च्या जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दोन पुरवण्या निघाल्या, साठ डॉलरच्या खेळावर आणखी तीस डॉलरच्या, आणि दोनशेहून अधिक जुने प्राणी परत आले. पुरवणी न घेणाऱ्यांनाही ते जुन्या खेळांतून आणण्याची मुभा दिली होती, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ते परत आल्याने मूळ वाट काही सुधारली नाही. कारण रोग प्राण्यांत नव्हता, वाटेत होता.

नव्या मुलखाचे नाव गॅलार. तो ब्रिटनवरून बेतला आहे, नकाशा उलटा धरल्यासारखा: दक्षिणेला हिरवी कुरणे आणि दगडी कुंपणे, मध्ये धुराड्यांचे आणि दातेरी चाकांचे मोटोस्टोक शहर, उत्तरेच्या टोकाला लंडनची आठवण देणारे विंडन. दिसायला प्रदेश सुरेख आहे. चालायला लागले की कळते की ही सारी एकाच मार्गिकेवर मांडलेली दृश्ये आहेत. गुहेत शिरावे तर एकच बोळ; या तोंडाने आत, त्या तोंडाने बाहेर, वाटेत दोन वळणे. आडवाट नाही, फसवी वाट नाही. जिथे वाट फुटेल असे वाटते तिथे एक टोळी आडवी उभी असते. आपल्या लाडक्या खेळाडू मुलीचा जयजयकार करणारी ही मंडळी, दुष्ट सुद्धा नाहीत बिचारी. केवळ उभी असतात, आणि गोष्टीला तुम्ही पुढे जायला हवे झाले की बाजूला होतात.

शिवाय सोबतीला हॉप. हा शेजारचा मुलगा, मुलखाच्या विजेत्याचा धाकटा भाऊ. प्रतिस्पर्धी म्हणून हा नेमलेला आहे. पण वागतो शिकवणीच्या मास्तरांसारखा. पुढे कोठे जायचे ते सांगतो, कसे जायचे ते सांगतो, तुम्ही दमलात तर तुमच्या प्राण्यांना बरे करतो. पहिल्या दोन तासांत त्याने मला इतक्या वेळा थांबवले की घरातले लग्न जमवणारे काका बरे वाटावेत. कमाई केलेला अनुभव सहाही प्राण्यांत आपोआप वाटला जातो आणि तो वाटणे बंद करण्याची सोय नाही. म्हणून कोणीच मागे राहत नाही आणि कोणाकडे खास लक्षही द्यावे लागत नाही. पकडलेले प्राणी पूर्वी गावातल्या दवाखान्यात ठेवावे लागत; आता ते कोठूनही, कधीही बदलता येतात. म्हणजे रानात खोल शिरलो, प्राणी जखमी झाले, परतीची वाट लांब, आता कसे, अशी जी एक चुटपूट या खेळाचा अर्धा जीव होती, ती नाहीशी झाली. एकेक सोय पाहिली तर चांगलीच आहे. सगळ्या मिळून त्यांनी प्रवासातून प्रवास काढून घेतला.

या सगळ्याचा कळस वाइल्ड एरिया या भागात होतो, आणि तो थोडा सविस्तर सांगतो, कारण खेळाचे यश आणि अपयश तिथे एकाच जागी दिसते. ही मोटोस्टोकच्या वेशीबाहेरची विस्तीर्ण मोकळी माळरानाची पट्टी. इथे प्रथमच नजर हवी तिकडे फिरवता येते. तळी आहेत, पडके मनोरे आहेत. एका कोपऱ्यात ऊन तर दुसऱ्यात पाऊस, आणि हवेप्रमाणे प्राणी बदलतात. ते गवतात लपलेले नसून समोर हिंडताना दिसतात. तुम्ही नुकतेच गावातून निघालेले; सोबतीचे प्राणी लहान. पाचदहा पावले टाकता तोच समोर ओनिक्स, दगडांच्या माळेसारखा अवाढव्य साप, डोलत उभा. तुम्हाला पाहताच तो अंगावर येतो. छाती धडधडते. हाच तो क्षण, माचिदाच्या रानातला! आता पळावे, की काही युक्ती लढवावी? झोपवावा का? दहा चेंडू खर्चून एखादा बसला तर? लहान मुलाने मोठा सर्प धरला, अशी गोष्ट वर्गात वर्षभर सांगता येईल. तुम्ही धीर करून झुंज घेता, आणि यंत्र तुम्हाला कळवते की पुरेशी पदके नसल्यामुळे एवढ्या ताकदीच्या प्राण्यावर चेंडू फेकता येणार नाही.

कठीण आहे असे नव्हे. मना आहे.

जुन्या खेळात बलाढ्य प्राणी तुमचे ऐकत नसे. देवघेवीत मिळालेला तगडा सोबती झुंजीच्या मधोमध झोपी जाई, आणि आपली पात्रता त्याच्या वागण्यातून कळे. तोही नियमच होता, पण प्राण्याच्या स्वभावात मुरलेला. इथे नियम दारावरच्या पाटीसारखा लावला आहे. इतके सुंदर माळरान करायचे, त्यात भय ठेवायचे, आणि मुलाने भयाशी हात मिळवण्याच्या क्षणी त्याचा हात धरायचा. ही भीती कोणाची, मुलाची की रचणाऱ्याची?

कोणी म्हणेल, हा खेळ लहानांसाठी आहे. चाळिशीतल्या टीकाकाराला सोपा वाटला तर त्यात नवल ते काय. आक्षेप वाजवी आहे. परंतु 1996 साली तो काळोखा बोगदा चाचपणारी मुलेही आठदहा वर्षांचीच होती. मुलांना कठीण चालत नाही, हे मोठ्यांनी ठरवलेले मत आहे. सूरपारंब्या खेळणारी मुले पाहिलेल्या माणसाने तरी ते मानू नये. मुलांना कंटाळवाणे चालत नाही, ते वेगळे. आणि उलट बाजूने पाहा: याच खेळात काही गुपिते इतकी घट्ट बंद आहेत की कोणतेही मूल ती आपल्या बुद्धीने उघडू शकणार नाही. एक प्राणी ठराविक इजा सोसून, मूर्च्छित न होता, एका विशिष्ट दगडी कमानीखालून नेला तरच रूप बदलतो. कांद्याच्या पातीची काठी मिरवणारे एक बदक एकाच झुंजीत तीन वर्मी घाव घालील तरच सरदार होते. हे उमगायचे कसे? कोणीतरी सांगितल्यावर. म्हणजे अर्धा खेळ बोट धरून चालवतो आणि उरलेला अर्धा दुसऱ्याला विचारून उरकायचा. आपण होऊन शोधण्याजोगा मधला प्रदेशच राहत नाही. ताजिरीचा दगड त्या मधल्या प्रदेशातला होता.

गोष्टीची तीच तऱ्हा. मुलखात धरणीकंप होतात, स्फोट होतात, हजारो वर्षांमागच्या दोन वीरांचे गूढ वर येते. मनात येते, आता आपण धावणार. छे! विजेता लिओन येऊन सांगतो, हे मोठ्यांचे काम, आम्ही पाहतो. तुम्ही मुले आपल्या स्पर्धेकडे लक्ष द्या. आणि खरोखरच सगळे प्रसंग पडद्याआड घडून जातात. नायक गोष्टीच्या शेजारच्या वाटेने चालत राहतो. अखेरीस अध्यक्ष रोझ हे गृहस्थ अंतिम सामन्याच्याच दिवशी प्रलय ओढवून घेतात. कारण काय, तर आणखी हजार वर्षांनी मुलखातली ऊर्जा संपणार आहे. लिओन म्हणतो, सामना होऊ द्या, उद्या बघू. यांना एक दिवस धीर नाही. हजार वर्षांच्या चिंतेला चोवीस तास थांबवत नाहीत, यात एखाद्या चांगल्या प्रहसनाचे बीज होते. पण लेखकाने ते गंभीरपणे घेतले आहे.

आणि खरी गोष्ट तर त्यांच्या हाताशी होती. गॅलारमध्ये झुंजी म्हणजे फुटबॉलच्या सामन्यांसारखा उत्सव. प्रचंड स्टेडियम, हजारो प्रेक्षक. तीन डावांपुरते प्राणी डोंगराएवढे होतात. ही महाकाय होण्याची शक्ती ठराविक जागीच मिळते. स्पाइकमथ नावाचे गाव अशा जागेवर नाही. म्हणून तिथे स्टेडियम नाही, पाहुणे नाहीत. दुकानांची दारे ओढलेली, काळोखी गल्ली, आणि तिच्या टोकाला पिअर्स हा गवई उस्ताद, महाकाय प्रकाराला हातही न लावता झुंजणारा. त्याची बहीण म्हणजेच ती लाडकी खेळाडू, आणि वाट अडवणारी टोळी म्हणजे या मरगळलेल्या गावची माणसे! एकदम सगळे जुळते. उद्योगाने सोडून दिलेल्या इंग्लंडातल्या गावांची व्यथा इथे मुलांच्या खेळात येऊ पाहत होती. पण स्पाइकमथ हे गावही एकच बोळ आहे. दहा मिनिटांत आपण तो ओलांडतो, पदक खिशात टाकतो, आणि पुन्हा तिथे यायला काही कारण उरत नाही.

जे चांगले आहे ते हातचे राखून सांगणे बरे नव्हे. स्टेडियममधल्या सामन्यांचे संगीत खरोखर अंगावर काटा आणते. झुंज रंगात आली की प्रेक्षकांचा जयघोष त्या चालीतच मिसळतो, आणि आपण एका यंत्राकडे पाहत आहोत हे विसरायला होते. ओपल ही 88 वर्षांची उस्तादीण भर झुंजीत प्रश्न विचारते. 'माझे वय किती' या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर तुमच्या प्राण्यांची ताकद घटते आणि 'सोळा' म्हटले तर वाढते. ही बाई कोणाही आजीला आवडेल. प्राण्यांच्या कल्पनांतही पुष्कळ ठिकाणी उमदी बुद्धी दिसते. चार प्रकारच्या जीवाश्मांचे तुकडे सापडतात. एक विदुषी त्यांतले दोन जोडून प्राणी जिवंत करते, पण कोणतेही दोन घ्या, जोड चुकीचाच, एकाचे तर डोकेच उलटे. व्हिक्टोरियन विद्वानांची ही गोड थट्टा आहे. 1854 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत इग्वानोडॉनचे पुतळे उभारले तेव्हा त्याच्या अंगठ्याचे हाड नाकावर बसवले गेले होते. जुन्या खेळांतला गुलाबी पोवळ्याचा प्राणी इथे पांढराफटक भूत होऊन येतो. प्राचीन काळी हवामान एकाएकी बदलले आणि त्याची जातच मेली. तेवढे एक चित्र मुलाला समुद्राविषयी पुष्कळ सांगून जाते.

आणि कढी, म्हणजे त्यांची करी! रानात तंबू ठोकून, फळे चिरून, चुलीवर करी शिजवायची, सोबत्यांना वाढायची. आपल्याकडून ती इंग्रजांनी नेली, इंग्रजांकडून मेजी काळात जपानने घेतली, आणि आता जपानी लोक ब्रिटनवर बेतलेल्या मुलखात ती शिजवायला लावतात; या प्रवासापुढे पोकेमॉनचा प्रवास काहीच नाही. करीचे प्रकार एकूण 151, बरोबर पहिल्या खेळातल्या प्राण्यांइतके. तेवढी यादी मात्र कोणी अर्धी केलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ मुलाच्या हाती द्यावा का, असे एका स्नेह्यांनी विचारले. पहिलाच असेल तर द्या. मूल रमेल, वीसपंचवीस तासांत विजेता होईल, आणि आपण काय चुकलो हे त्याला कळणारही नाही. दोन मुलांनी दोन निराळे भाग घेऊन शेजारी बसून खेळावे, म्हणजे निदान देवघेवीपुरते भांडण होईल. मालिकेचा पुढचा, 2022 च्या जानेवारीतला 'लेजेंड्स आर्सिअस' हा खेळ मिळाला तर तो आधी द्यावा. त्यात चित्रे याहून ओबडधोबड आहेत, पण गवतात दबा धरून बसावे लागते, चेंडू नेमका फेकावा लागतो, आणि मोठा प्राणी चिडला तर तो सोबत्यांना सोडून थेट तुमच्यावर धावतो. चेंडू फेकायला कोणाची परवानगी लागत नाही.

सोर्ड आणि शील्डमध्येही एक जागा मला अशी सापडली. ग्लिमवुड टँगल नावाचे एक अंधारे रान आहे, हाताने स्पर्श केला की उजळणाऱ्या अळंब्यांचे. तिथे क्वचित, फार क्वचित, सिनिस्टी भेटतो: तडा गेलेल्या चहाच्या कपात राहणारे भूत. या भुतांतले बहुतेक कप नकली असतात. थोडे अस्सल जुने, आणि त्यांच्या बुडाशी कारागिराचा बारीकसा छाप असतो. बाकी रूप तंतोतंत तेच, रंग तोच. हॉप इथे काही सांगायला येत नाही. पकडायचा, तंबूबाहेर खेळायला सोडायचा, तो गिरकी घेऊन कलंडला की मान वाकडी करून बुडाकडे पाहायचे. छाप नसला तर पुन्हा रानात. त्या अळंब्यांच्या उजेडात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. एकोणिसावा कप अस्सल निघाला.